अवयव पाडताना

आमची धाकटी नववीत आहे. परवा वही माझ्यापुढे टाकून म्हणाली, "अब्बा, गणित माझं नाही." वहीत क्ष⁴ + ४ ही राशी होती. खाली तिने लिहिले होते, 'अवयव पडत नाहीत', आणि त्यावर लाल फुली. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. फुली का, ते मलाही चटकन सांगता येईना.

त्याआधी तिचा दुसरा प्रश्न होता. चांगल्या अखंड राशीचे अवयव पाडायचेच कशाला? शाळेत मी मधल्या पदाची फोड करून मार्क मिळवले, पण हे कधी कुणाला विचारले नव्हते.

बगदादच्या अल् ख्वारिज्मीने बाराशे वर्षांपूर्वी एक उदाहरण घेतले होते. कोणत्या संख्येच्या वर्गात तिची दहापट मिळवली की ३९ होतात? आज आपण मांडतो, क्ष² + १०क्ष − ३९ = ०. गुणाकार −३९ आणि बेरीज १० अशा दोन संख्या शोधायच्या. त्या १३ आणि −३. म्हणून (क्ष + १३)(क्ष − ३) = ०. आता गंमत पाहा. दोन संख्यांची बेरीज शून्य आली, तर एवढ्यावरून त्यातल्या कुणाचाच पत्ता लागत नाही. गुणाकार शून्य आला, की दोघांपैकी एक तरी शून्य असलाच पाहिजे. म्हणजे क्ष ३ किंवा −१३. अवयव पाडायचे ते यासाठी. अल् ख्वारिज्मीने मात्र चौरस काढून उत्तर शोधले आणि ३ वरच थांबला. चौरसाची बाजू ऋण कशी असेल? आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन-ऋणाचे नियम देऊन ठेवले होते, ती गोष्ट वेगळी.

त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल् जब्र'वरून युरोपात बीजगणिताला नाव पडले. जब्र म्हणजे मोडलेले सांधणे. हाड बसवण्यालाही हाच शब्द. नाव सांधण्याचे आणि आम्ही पोरांना अवयव पाडायला बसवतो!

आता ती लाल फुली. क्ष² + ४ चे अवयव नेहमीच्या संख्यांत पडत नाहीत, हे खरे. मग क्ष⁴ + ४ चेही पडणार नाहीत, असे मुलीला वाटले. मी तिला सांगितले की कलनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जर्मनीचा लायब्निट्स, १७०२ साली नेमका असाच चुकला होता. क्ष⁴ + अ⁴ या राशीचे वास्तव संख्यांत अवयव पडत नाहीत, असे त्याने मांडले. तुझी राशी त्याच घराण्यातली.

तोड अशी आहे. राशीत ४क्ष² नाही. ते घालायचे आणि लगेच वजाही करायचे. किंमत बदलत नाही. क्ष⁴ + ४क्ष² + ४ हा झाला (क्ष² + २) चा पूर्ण वर्ग. त्यातून जाणारा ४क्ष² हा २क्ष चा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी आली, म्हणजे रोजचेच सूत्र: (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २).

तिचा विश्वास बसेना. क्षच्या जागी ३ घातले: ८५, म्हणजे १७ गुणिले ५. मग १० घातले: १०,००४, म्हणजे १२२ गुणिले ८२. तिने कागदावर गुणाकार करून पाहिला. बरोबर आला.

"एवढ्या मोठ्या माणसाला हे सुचलं नाही?" असे विचारत ती २० घालून पाहू लागली.