विंचू चावण्याआधी वाचायचा कागद

मार्च उजाडला की देवगडच्या बागांतली माणसे पहाटे फळे काढायचे झेले घेऊन बाहेर पडतात, दुपारी पेंढ्यात हात घालून पेट्या भरतात आणि उन्हे कलली की गडग्यावर टेकतात. गडग्याच्या चिऱ्यांमधल्या फटी, पेंढ्याचा ढीग, शेडमध्ये एकावर एक रचलेली खोकी, विंचवाला याहून बरी जागा कुठली मिळणार? म्हणून 'विंचू चावल्यावर काय करायचे' हा प्रश्न इथे कुणी गंमत म्हणून मोबाइलला विचारत नाही.

तो मराठीत विचारून पाहा. कांदा चोळा, तुरटी गरम करून ठेवा, चिंचोका घासून चिकटवा, मिठाच्या पाण्याचे थेंब डोळ्यांत घाला. प्रत्येक उपाय रामबाण आणि प्रत्येकाखाली 'आमच्याकडे गुण आला' असे सांगणारे कुणीतरी असतेच. ही माणसे खोटे बोलत नाहीत, हे आधी मान्य करायला हवे. 'कांदो लावलो आणि थांबला' असे म्हणणाऱ्याचे दुखणे खरोखर थांबलेले असते. पण विंचवाच्या बहुतेक दंशांत कळा काही तासांनी आपोआपच ओसरतात. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असला तरी त्याच्या विषाने सहसा माणूस दगावत नाही. कांदा लावला नसता तरी त्या माणसाला बरेच वाटले असते. जीव जातो तो अंगाने लहान असलेल्या लाल विंचवामुळे, आणि त्यातही लहान मुलांचा अधिक. तिथे कांदा हरला, तर ती गोष्ट व्हिडिओत येत नाही, कारण ज्या घरातले मूल गेले त्या घरातले कुणी व्हिडिओ करत नाही.

आरोग्याविषयीची कुठलीही माहिती पारखायची सुरुवात मला इथून करावीशी वाटते. ज्यांनी हा उपाय केला त्यांचे काय झाले, हे सगळेच सांगतात. ज्यांनी केला नाही, त्यांचे काय झाले? हा दुसरा आकडा ज्या मजकुरात नाही, तो मजकूर कितीही सुबक असला, सांगणाऱ्याच्या नावामागे कितीही पदव्या असल्या, तरी तो अनुभव आहे, पुरावा नाही.

विंचवाच्या बाबतीत हा दुसरा आकडा शोधायला फार लांब जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करू लागले. विंचवाच्या दंशाने आलेले रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते. ते रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. ज्यांची प्रकृती पुढे बिघडते त्यांना भरपूर घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब आधी चढतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरते, हा क्रम त्यांनी टिपला. १९८२ साली ही लक्षणे 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचे वादळ उठते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मग या वाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन हे स्वस्त औषध का देऊ नये, असा विचार पुढे आला. त्याविषयीचा त्यांचा लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. प्राझोसिनआधीच्या काळात गंभीर रुग्णांपैकी तीसेक टक्के दगावत, नंतर हे प्रमाण एखाद्या टक्क्यावर आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या एका तालुक्यातून जगाने विंचूदंशाचा उपचार शिकला, आणि आपण मात्र त्याच कोकणात बसून चिंचोका शोधतो, याचे मला वाईट वाटते.

तरीही तीस टक्क्यांवरून एक टक्का, हा आकडासुद्धा डोळे मिटून घ्यायचा नाही. मधल्या काळात रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर येऊ लागले असतील, सलाइनची सोय झाली असेल. 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना उपयोगी असते, पण तिच्यात औषधाचे श्रेय किती आणि बदललेल्या काळाचे किती, हे वेगळे काढता येत नाही. त्यासाठी एकाच काळात, एकाच ठिकाणी, सारख्या रुग्णांचे दोन गट करावे लागतात, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरने नाही तर चिठ्ठीने ठरवावे लागते.

असा अभ्यासही झाला आहे आणि तो फोनवर फुकट वाचता येतो. बागायतदार शेजाऱ्यांची मुलगी सायन्सला आहे. एका दुपारी तिच्या फोनवर आम्ही 'पबमेड' उघडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त वैद्यकीय लेखांच्या नोंदी आहेत. तिथे मराठी चालत नाही. स्कॉर्पियन, प्राझोसिन, अँटिव्हेनम (म्हणजे प्रतिविष) असे तीनच शब्द इंग्रजीत टाकले. पूर्ण वाक्य टाकले की शोध भरकटतो, मोजके नेमके शब्द टाकले की यादी आवरती येते. बाजूच्या चाळणीत 'फ्री फुल टेक्स्ट' आणि 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' यांवर खूण केली. उरलेल्या मोजक्या नोंदींत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला २०११चा लेख सापडला. लेखक होते हिंमतराव आणि प्रमोदिनी बावस्कर, ठिकाण महाड.

तिने सवयीप्रमाणे शेवटचा निष्कर्ष आधी वाचला आणि म्हणाली, "काका, म्हणजे प्रतिविष दिले की झाले." मी तिला वर जायला सांगितले. रुग्ण ७०. चिठ्ठीने दोन गट, प्रत्येकी ३५. एका गटाला प्राझोसिन आणि प्रतिविष, दुसऱ्याला नुसते प्राझोसिन. दहा तासांनी लक्षणे पूर्ण गेली का, हे पाहायचे. पहिल्या गटात ३५ पैकी ३२ जणांची गेली, दुसऱ्यात ३५ पैकी ८ जणांची. आकडे असे सुटे वाचायची सवय फार महत्त्वाची आहे. 'चौपट गुणकारी' असे कुणी म्हटले तर आधी विचारावे, कितीपैकी किती? शंभरातल्या एकाचे चार होणे आणि ३५ तल्या आठाचे ३२ होणे, दोन्हीला चौपटच म्हणतात.

मग तिनेच एका ओळीवर बोट ठेवले. ज्यांची प्रकृती आणखी बिघडून पुढच्या टप्प्याला गेली, त्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. "म्हणजे बरे लवकर होतात, पण बिघडायचे ते दोन्हीकडे बिघडतातच?" तिने विचारले. बरोबर तेच. अभ्यासाने मोजले ते लवकर बरे होणे. प्रतिविषामुळे जीव अधिक वाचतात की नाही हे सांगायला ७० रुग्ण पुरत नाहीत, कारण प्राझोसिन दिल्यावर शंभरात एखादाच दगावत असेल तर सत्तरांत फरक दिसणार कसा? शिवाय कुणाला काय दिले हे डॉक्टरांना माहीत होते आणि रुग्णालय एकच होते. घाम थांबला की नाही हे ठरवताना माहीत असलेली गोष्ट नकळत आड येऊ शकते. हे सगळे लेखकांनी झाकून ठेवलेले नाही. अभ्यास उघडा होता, हे तर लेखाच्या मथळ्यातच लिहिले आहे. ज्या लेखात मर्यादांचा एक शब्दही नसतो, त्याच्यावर माझा विश्वास कमी बसतो.

मला या लेखात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. प्राझोसिन हे बावस्करांचे नाव जगभर करणारे औषध. त्यांनी स्वतःच त्याची कसोटी लावली आणि नुसते प्राझोसिन मागे पडले, हे स्वतःच्या नावाने छापले. माहिती देणाऱ्याला कुठले उत्तर सोयीचे आहे आणि त्याने दिलेले उत्तर त्या सोयीचेच निघाले आहे का, हे पाहिले की बरेचसे धान्य आणि कोंडा वेगळा होतो.

पबमेडवरच २००९ चा अमेरिकेतला एक अभ्यासही दिसतो. अ‍ॅरिझोनात १५ मुलांवर झालेला, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलेला. प्रतिविष दिलेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली, दुसऱ्या गटातल्या सातांपैकी एकच. इथे डॉक्टरांनाही कुणाला काय दिले ते माहीत नव्हते, म्हणजे त्या बाबतीत हा अभ्यास महाडपेक्षा कडक. पण विंचू तिथला, प्रतिविषही त्याच विंचवासाठी केलेले. आपल्या लाल विंचवाला ते लागू होईल असे मानता येत नाही. परदेशातला अभ्यास खोटा नसतो, तो कधी कधी आपला नसतो एवढेच.

देवगडात राहून आंब्याचे नाव न घेता हा विषय संपत नाही. आंब्याची पाने उकळून प्यायली की मधुमेह जातो, असा निरोप दर हंगामात फिरतो आणि खाली 'संशोधनाने सिद्ध' असे असते. संशोधन आहे, पण पबमेडवर पाहिले तर त्यातले बरेचसे उंदरांवरचे. उंदराची साखर उतरणे ही सुरुवात असते, औषध नव्हे. हापूस खाल्ल्याने साखर वाढत नाही, उलट उतरते, असेही कुणी छातीठोक सांगते. २०१४ मध्ये अमेरिकेत २० लठ्ठ माणसांना १२ आठवडे रोज १० ग्रॅम सुकवलेल्या आंब्याची पूड दिली आणि त्यांची उपाशीपोटीची साखर थोडी उतरली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दहा ग्रॅम पूड म्हणजे जेवणानंतर चापलेले दोन हापूस नव्हेत. अमेरिकेत आंब्याचा खप वाढवण्यासाठी नॅशनल मँगो बोर्ड आहे आणि आंब्याच्या पोषणावरच्या संशोधनाला ते पैसाही देते. पैसा मिळाला म्हणून संशोधन खोटे ठरत नाही, पण लेखाच्या शेवटी 'निधी' आणि 'हितसंबंध' या दोन ओळी असतात, त्या वाचल्याशिवाय फोन खाली ठेवू नये. आमचा सगळा तालुका आंब्यावर जगतो, म्हणून आंब्याच्या बाजूने आलेली बातमी आम्ही तर दुप्पट काळजीने वाचायला हवी.

पबमेडवर नाव आहे म्हणजे शिक्का बसला, असेही नाही. ती सूची आहे. लसीने स्वमग्नता येते अशी भीती जगभर पसरवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'मध्येच आला होता, १२ मुलांवरचा. तो मागे घ्यायला २०१० उजाडले. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा लेख त्याच नियतकालिकात मे २०२० मध्ये आला आणि जूनमध्ये मागे घेतला गेला, कारण ज्या आकड्यांवर तो उभा होता ते तपासायला मिळेनात. मागे घेतलेल्या लेखावर पबमेड तसे ठळक लिहिते, ते पाहायचे. आपल्याकडे पैसे घेऊन वाट्टेल ते छापणारी नियतकालिकेही उदंड आहेत. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. आणि हल्ली मोबाइलमधल्या बुद्धिमान मदतनिसाला विचारले तर तो अस्खलित मराठीत उत्तर देतो, संदर्भही देतो, पण त्यातला एखादा लेख कुणी कधी लिहिलेलाच नसतो. त्याने दिलेले प्रत्येक नाव पबमेडवर घालून पाहावे, मग पुढे जावे.

एकेक अभ्यास वाचायला वेळ नसेल तर 'कॉक्रेन'चे सारांश पाहावेत. एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून, त्यांचा दर्जा तपासून, सामान्य वाचकासाठी सोप्या इंग्रजीत ते लिहिलेले असतात आणि मोफत असतात. भारतात एखाद्या औषधाची मानवी चाचणी खरोखर सुरू आहे का, हे पाहायला २००७ पासून आपली राष्ट्रीय नोंदवही आहे, सीटीआरआय. 'आमच्या औषधावर चाचण्या चालू आहेत' असे सांगणाऱ्याला तिथला नोंदणी क्रमांक विचारावा. मधुमेह बरा करू अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

हे सारे विंचू चावल्यावर करायचे नाही. चावल्यावर फोन लावायचा तो १०८ ला, आणि चावलेल्या माणसाला, मूल असेल तर क्षणाचाही उशीर न करता, रुग्णालयात न्यायचे. कळा फार नाहीत म्हणून घरी थांबायचे नाही. घाम आणि गार पडलेले हात कळांपेक्षा जास्त सांगतात. प्राझोसिनची गोळी घरात आणून ठेवायचीही नाही. पहिल्या गोळीनंतर उभे राहताच रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावी लागते.

वाचायचे ते आधी, एखाद्या निवांत दुपारी, आणि वाचलेले न्यायचे ते आरोग्य केंद्रात. देवगडहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय गाठायला जो वेळ जातो, तोच विंचवाच्या रुग्णाकडे नसतो. त्यामुळे जवळच्या केंद्रात काय आहे, यावर सगळे ठरते. महाडचा लेख वाचलेला माणूस 'औषधे आहेत का हो' असे मोघम विचारत नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर येते. त्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारता येईल, की प्राझोसिनच्या गोळ्या किती शिल्लक आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, लाल विंचवाचे प्रतिविष तालुक्यात कुठे मिळते, रात्री दहानंतर ते कोण देणार, आणि गेल्या हंगामात विंचू चावून आलेले किती जण होते, त्यातले किती पुढे पाठवावे लागले. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, म्हणजे पुढच्या जानेवारीत तुलनेला दुसरा आकडा हाताशी असेल.