पेशीचें आत्मभक्षण

फाटलेलें लुगडें आपल्या आया टाकून देत नाहींत. त्याची गोधडी होते. आपल्या शरीरांतील पेशीही हीच काटकसर करिते. तिच्यांतील झिजलेले भाग एका पातळ पडद्यानें वेढले जाऊन पाचक पिशवींत पोंचतात. तेथें त्यांचें विघटन होतें व निघालेल्या द्रव्यांतून नवे भाग घडतात. १९६३ सालीं क्रिस्तियान द ड्यूव यांनीं या क्रियेस ‘ऑटोफॅजी’, म्हणजे आत्मभक्षण, असें नांव दिलें. परंतु ती चालते कशी, हें पुढें कित्येक वर्षें गूढच राहिलें.

तें उकललें पाव फुगविणाऱ्या यीस्ट या एकपेशी जीवामुळें. यीस्टच्या पाचक पिशवींत कांहीं दिसत नसे, कारण आंत आलेलें सर्व झटकन् विरघळून जाई. तेव्हां टोकियो विद्यापीठांत १९८८ सालीं योशिनोरी ओसुमी यांनीं एक युक्ति योजिली. ज्यांत मुख्य पाचक द्रव्येंच नाहींत असें यीस्ट घेऊन त्यांनीं तें उपाशी ठेविलें. कांहीं तासांतच न पचलेल्या पुटकुळ्यांनीं ती पिशवी गच्च भरली, व सूक्ष्मदर्शकांतून त्या स्पष्ट दिसल्या! जातें थांबविलें तेव्हां दाणे दिसले, असेंच म्हणाना. पुढें त्यांनीं या क्रियेस लागणारीं जनुकें हुडकून काढलीं, व २०१६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

उपासमारीनें ही क्रिया वाढते, हें वाचून मुलांस उपाशी ठेवण्याचा मोह मात्र कोणा पालकास न होवो. यीस्टवरील प्रयोग म्हणजे वैद्याचा सल्ला नव्हे. शिवाय भरल्या पोटींही ही क्रिया मंदगतीनें चालूच असते. न्याहारी न करितां आलेला विद्यार्थी तिसऱ्या तासाला आम्हां शिक्षकांस बरोबर ओळखतां येतो.