मडकं वाजवून बघतो तसं : मुंबई हायचं तेल कसं ओळखतात?



नकाशावाचनाच्या तासाला आपण 'मुंबई हाय – खनिज तेल' एवढं मुलांकडून पाठ करून घेतो. मग एखादं पोरगं विचारतंच, "समुद्राखाली, दगडाच्या आत तेल आहे हे खणायच्या आधी कळलं कसं?" "यंत्राने कळतं" असं उत्तर दिलं की मुलाचं कुतूहल तिथंच संपतं. म्हणून हे जरा नीट समजून घेऊ.

आधी एक गैरसमज काढू. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. भिजलेल्या विटेत पाणी मुरलेलं असतं ना, तसं खडकाच्या बारीक छिद्रांत तेल असतं. मुंबई हायला ते मुख्यतः चुनखडकात आहे. हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किमी आत, अरबी समुद्रात आहे. १९६०च्या दशकात रशियन जहाजाच्या मदतीने तिथं पाहणी झाली, १९७४ मध्ये 'सागर सम्राट'वरून खोदलेल्या विहिरीत तेल लागलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

पाहणी कशी करतात? आजकाल जहाजामागून दाबलेली हवा एकदम सोडून पाण्यात धक्का देतात. त्याच्या लहरी खाली जातात. जिथं खडक बदलतो तिथून थोडी लहर परत फिरते, म्हणजे प्रतिध्वनीच. परत यायला किती वेळ लागला यावरून थराची खोली काढतात. अशा लाखो प्रतिध्वनींतून खालचा आकार दिसतो. मुंबई हायला खाली मोठा उंचवटा आहे, म्हणून नाव 'हाय'. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर सरकतं आणि वरच्या घट्ट थराखाली अडकून राहतं.

पण नुसत्या आकारावरून खडक सच्छिद्र आहे की ठोस, हे कळत नाही. इथं कामाला येतात 'सिस्मिक ॲट्रिब्यूट', म्हणजे परत आलेल्या लहरींचे गुणधर्म. आमच्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा. मडकं न फोडता आतलं कळतं. इथंही तसंच. मुख्य तीन गोष्टी बघतात :

१. लहरीची ताकद : सच्छिद्र चुनखडकातून लहर हळू जाते. त्यामुळे वरच्या थराशी असलेला फरक बदलतो आणि प्रतिध्वनी कमीजास्त होतो.

२. वारंवारता : छिद्रांत गॅस असेल तर बारीक, जलद कंपनं जास्त शोषली जातात. खालून येणारी लहर 'जाड' आवाजाची होते.

३. शेजारपण : शेजारशेजारच्या लहरी एकमेकींसारख्या असतील तर थर अखंड. अचानक सारखेपणा तुटला तर तिथं भेग किंवा भ्रंश असण्याची शक्यता.

यात फसगतही होते. थोडासाच गॅस किंवा कोळशाचा थरसुद्धा ठळक प्रतिध्वनी देऊ शकतो. म्हणून तज्ज्ञ खोदलेल्या विहिरीतल्या खडकाचे नमुने आणि मोजमापं प्रतिध्वनीशी ताडून बघतात आणि मगच पुढची जागा ठरवतात. एकेका विहिरीला कोट्यवधी रुपये लागतात, अंदाजावर भागत नाही.

"मग आपल्या कोल्हापूरखाली तेल का नाही?" हाही प्रश्न येणार. आपल्याकडे बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या दगडाचे जाड थर आहेत. तेल बहुधा गाळाच्या खडकांत साठतं. कोयना भागात खोल छिद्र पाडलं तेव्हा काळ्या दगडाखाली गाळाचे खडक न लागता थेट ग्रॅनाइटसारखा खडक लागला. गंमत म्हणजे हाच काळा दगड मुंबई हायच्या बऱ्याच भागात चुनखडकाच्या खाली, तळाला आहे.

वर्गात एक प्रयोग करून बघा. तीन सारखी मडकी घ्या : एक रिकामं, एक वाळूचं, एक पाण्याचं. तोंडं कापडाने झाका. मुलांना वाजवून अंदाज वहीत लिहू द्या, मग कापड काढा. किती बरोबर, किती चूक, तेही लिहायला लावा. चुकलेले अंदाज खोडू नका. बोअर मारताना नारळावर पाणी बघणारा त्याचे चुकलेले बोअर मोजतो का, हा प्रश्न मुलं पुढं आपणहून विचारतील. घरचे पैसे वाचवणारा प्रश्न आहे तो.