भाकड गाईला कोण पोसणार?

जमनालाल बजाजांनी 1941 साली वर्ध्यात गोसेवा संघ काढला, तेव्हा महायुद्ध सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. नुकताच तुरुंगातून सुटलेला हा धनिक व्यापारी वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडी घालून राहिला. गोसेवेसाठी काढलेली गोशाळा नफ्यासाठी नसते. तरी ती चालवायची तर हिशोब धारेपासूनच धरावा लागतो.

पहाटे आधी वासरू सोडायचं. त्याने कासेला चार ढुशा मारल्या की गाय पान्हा सोडते. मग वासरू बाजूला बांधून, ओल्या फडक्याने कास पुसून मुठीने धार काढायची. पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो. मध्ये हात थांबला की गाय दूध चोरते. शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वात जास्त असतो. त्या टाकून उठणारा गोशाळेचं तूपच घालवतो.

वर्ध्याकडची गवळाऊ गाय दूध बेताचंच देते, पण तिचा गोऱ्हा गाडीला उत्तम पळतो. खरी अडचण ती आटल्यावर. युद्धात लष्कराला मांस हवं होतं, शिवाय ढेप आणि कडबाही महागला. भाकड गाय कसायाला विकून टाकणं शेतकऱ्याला परवडू लागलं. अखेर 1944 मध्ये खुद्द सरकारला उपयुक्त जनावरांच्या कत्तलीवर बंधनं घालावी लागली.

गोशाळेने भाकड गाईचा खर्च भागवायचा तो तिच्या शेण-मुतातून. चांगला वळू ठेवून ती वेळेवर गाभण राहील हे पाहायचं. मेल्यावर हाडांचं खत करायचं, कातडं कमवायचं. त्यासाठी गोपाळराव वाळुंजकरांचं चर्मालय जवळच नालवाडीला होतं. संघाचे सभासद गाईचंच दूध-तूप आणि मेलेल्या जनावराचंच चामडं वापरायची प्रतिज्ञा घेत. मला यातलं शहाणपण फार मोलाचं वाटतं: गाईवरची भक्ती त्यांनी गिऱ्हाइकीत बदलली.

11 फेब्रुवारी 1942 ला जमनालालजी अचानक गेले. त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी काम हाती घेतलं. ऑगस्टमध्ये गांधीजींना अटक झाली, आणि वर्ध्याचे कितीतरी कार्यकर्ते तुरुंगात गेले. धार मात्र पुढे ढकलता येत नाही. वेळ टळली की कास तटतटते, दगडी होते, कधी सड कायमचा जातो. मागे उरलेल्यांपैकी कुणालातरी तिन्हीसांजेला चरवी घेऊन गाईखाली बसावंच लागे.