पांदणीवाचून सुगी अडते
शेतरस्ते किमान 3 ते 4 मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात व्हावी, या शासनाच्या 2025 मधील निर्णयाची चर्चा चावडीचावडीवर चालू असताना कारंजा लाडच्या शिवारात पूर्वी सुगीचा भार कसा वाहिला जात असे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण त्या वाहतुकीचे मर्म बैलांच्या बळापेक्षा पांदणीच्या स्थितीत होते, आणि आजही ते तेथेच आहे.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून तांड्यातांड्यांनी थेट मिर्झापूरपर्यंत जाई. पुढे 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरास पोचला, 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये कारंज्यास देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ स्थापन झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील, पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेलेली आगगाडी कारंज्यावरून धावू लागली. व्यापाराचा बंदोबस्त असा चोख झाला. वावरापासून बाजारापर्यंतची मजल मात्र बंडीनेच, म्हणजे बैलगाडीनेच, मारावयाची होती.

लाकडी चाकांवर लोहाराने तापवून चढविलेली लोखंडी धाव, वर साटा, आणि त्यावर कधी नांगर-वखर, कधी ज्वारीची कणसे, कधी कडबा, कधी कापूस, असा तो संभार असे. बैल दीर्घकाळ ओढू शकतो तो जोर त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा; म्हणजे प्रत्येकी 400 किलोंच्या दोन बैलांचा मिळून 80 किलोंच्या आसपास. पक्क्या सडकेवर एवढ्या जोरात बराच माल हलतो. परंतु ओलसर काळ्या मातीत तीच अरुंद धाव रुतली, की त्याच मालाला कित्येक पट ओढ लागते. मग दुसरी जोडी जुंपावी, निम्मा माल उतरवून दोन खेपा कराव्या, गड्यांनी चाकाला हात द्यावे, याखेरीज गत्यंतर नसे.

बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी या उपेक्षित वाहनाच्या सुधारणेचा ध्यास घेतला होता. जुवाची घडण सदोष असल्याने बैलाची मान सोलवटते आणि त्याची शक्तीही वाया जाते, हे त्यांचे प्रतिपादन मला सर्वस्वी मान्य आहे. मुक्या जनावराच्या वेदनेची दखल घेणारा अभियंता विरळाच. रबरी टायरांनी पुढे ओढ हलकी केली. पांदण मात्र जशीच्या तशी राहिली.

आता सोयाबीनच्या सुगीत ट्रॅक्टरमागे मळणीयंत्र शेतात न्यावे लागते, आणि जेथून बंडी कशीबशी निघे तेथे ते वळतही नाही. वास्तविक गावनकाशात दुहेरी तुटक रेषांनी दाखविलेल्या गाडीमार्गाची रुंदी 16½ ते 21 फूट धरली जाते. ती बांध कोरून कोरून शेजाऱ्यांनीच गिळली आहे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडविल्यास तो मोकळा करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 अन्वये तहसीलदारास आहे. तेव्हा शेतकरी बांधवांनी भूमी अभिलेख कचेरीतून नकाशाची नक्कल काढावी, शेजाऱ्याशी आधी सामोपचाराने बोलावे, आणि न जमल्यास सुगीची वाट न पाहता तहसिलीत अर्ज गुदरावा.