मामींच्या लॅपटॉपची नाडीपरीक्षा

माणूस आजारी पडला की कण्हतो, गुरू चारा सोडते. यंत्राचे दुखणे कळावे कसे? शिवणयंत्र, सायकल, विहिरीवरचा पंप ही जुनी मंडळी निदान खडखडाट करून तक्रार तरी करतात. लॅपटॉपच्या पोटातली हार्ड डिस्कही बोलते, पण इतक्या हळू की पंखा चालू असला तर ऐकूच येत नाही. आणि आज कित्येक घरांतला फोटोंचा आल्बम, खरेदीखतांच्या नकला आणि पोरांची बारशी तिच्याच स्वाधीन असतात!

ही डिस्क म्हणजे आरशासारख्या चकचकीत एकदोन तबकड्या. लॅपटॉपमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावर ग्रामोफोनच्या हातासारखा एक हात फिरतो. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हा हात टेकत नाही. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एखाद्या भागाइतक्या उंचीवरून तो तरंगत वाचतो. १९५६ साली आयबीएमने असले पहिले यंत्र विकायला काढले, तेव्हा त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि वजन सुमारे एक टन. एवढ्या धुडात मावत होती ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाईलवरचा एखादा मोठा फोटोदेखील त्यात बसला नसता.

आता आमच्या मामींकडे येऊ. त्या तेल्हाऱ्याला असतात, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आजीने, म्हातारपणी म्हटलेली भुलाबाईची ४१ गाणी त्यांनी मोबाईलवर धरून लॅपटॉपमध्ये साठवली होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाई मांडून, फेर धरून ही गाणी म्हणतात आणि मग डबा वाजवून खिरापत ओळखायला लावतात. आजी २०१९ साली गेली. तो मोबाईलही पुढे बिघडून भंगारात गेला. आजीचा आवाज उरला तो त्या एका लॅपटॉपात.

२०२३च्या मे महिन्यात मामींचा फोन आला. "अरे राजा, हे मशीन काहून असं करते? उघडाले दहा मिनिटं घेते, अन् आतून टक्-टक् वाजते."

तोवर एका दुकानदाराने निदान करूनही टाकले होते: व्हायरस आहे, विंडोज नवी टाकतो, तासाभरात घेऊन जा. मामींनी लॅपटॉप तसाच परत आणला, ही आजीचीच पुण्याई म्हणायची. कारण नवी विंडोज टाकायची म्हणजे जुन्या वहीवर कोरी खळ लावून पुन्हा लिहायला बसण्यासारखे. खालचे गेले ते गेले.

मी पोहोचलो तो बाहेर वऱ्हाडी ऊन आणि घरात कूलरची घरघर. कूलर बंद करायला लावला तेव्हा कुठे ती टकटक कानी आली. अधूनमधून येत होती. सारखी येत असती आणि लॅपटॉपला डिस्क ओळखूच येत नसती, तर मी बटणालाही हात लावला नसता; मग ते काम मोठ्या शहरातल्या माहिती सोडवणाऱ्या जाणकाराचे. शेजारच्या एका काकांनी डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय सुचवला. हा उपाय गावोगाव फिरलेला आहे आणि घातक आहे: थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते.

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची टिपणवही ठेवते, हे फार थोड्यांना माहीत असते. तिला 'स्मार्ट' म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. तीन ओळी महत्त्वाच्या: ०५, सी५ आणि सी६. पहिलीत खराब होऊन बदललेल्या जागा, दुसरीत वाचताना अडलेल्या, तिसरीत हात टेकलेल्या. गंमत अशी की तिथले आकडे सहसा सोळाच्या हिशेबाने मांडलेले असतात. मामींच्या सी५पुढे ६८ होते, ते आपल्या हिशेबाने १०४. वर पिवळ्या चौकटीत 'सावधान'.

ही चौकट निळी असती तरी मी निर्धास्त झालो नसतो. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याचा संभव निर्दोष डिस्केच्या ३९ पट, असे त्यांना आढळले. पण मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी टिपणवहीतल्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. नाडी ठीक लागली म्हणून नक्कल काढायची राहू द्यावी, असे होत नाही.

आधी गाणी पेन ड्राइव्हवर घेतली. ३५ आली, ६ अडकली. मग विंडोज बाजूला ठेवून पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने लॅपटॉप सुरू केला, कारण विंडोज स्वतःच्या कामासाठी डिस्कवर सतत लिहीत राहते आणि आजाऱ्याला तेवढेही श्रम नकोत. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम मोठा शहाणा आहे: सोपे ते आधी वाचतो, अडले तिथे हुज्जत न घालता पुढे जातो, आणि शेवटी राहिलेल्या जागांकडे वळतो. कुठवर आलो याची नोंद ठेवतो, म्हणून रात्री दोनदा वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. सगळी डिस्क बाहेरच्या डिस्कवर उतरायला दुसरा दिवस उजाडला. मामी मधूनमधून उठून येत, काही न बोलता पडद्यावरचा आकडा बघत आणि जात.

सहापैकी चार गाणी सुटली. दोन मधेच तुटतात.

बाकी काम स्क्रू-ड्रायव्हरचे. नवी एसएसडी अकोल्याहून आणली. तिच्यात फिरणारे काही नसते, म्हणून धक्क्याचे भय कमी. दुकानात ४८० जीबीची स्वस्त मिळत होती, पण जुनी ५०० जीबीची असल्याने तिची हुबेहूब नक्कल ४८०मध्ये मावत नाही, ५१२ची घेतली. जाडी ७ मिलिमीटर आहे ना, तेही पाहिले. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, बॅटरी बाहेर. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून धातूच्या उघड्या वस्तूला एकदा हात. पाठीवरचे झाकण, डिस्केच्या चौकटीचे चार स्क्रू, सरळ ओढून जोड सोडवायचा, नवी त्याच चौकटीत. वीस मिनिटे. मग बाहेरच्या डिस्कवरून नक्कल आत ओतली.

लॅपटॉप मिनिटभरात उघडला. आवाज काहीच नाही, म्हणून मामींनी कान लावून पाहिले. "चालू आहे ना रे हे?"

एसएसडीही मरते, आणि ही तर टकटकसुद्धा करीत नाही. म्हणून बाहेरची डिस्क मामींच्या कपाटात राहिली आणि गाण्यांची दुसरी नक्कल त्यांच्या लेकीकडे पुण्याला गेली. तुटलेल्या दोन गाण्यांपैकी एकाचा शेवट मामींना येत होता; तो त्यांच्या आवाजात धरून त्याच गाण्याशेजारी ठेवला आहे. दुसऱ्याचा हिवरखेडच्या एका आत्यांना येतो म्हणतात. त्या कोजागिरीला तेल्हाऱ्याला यायच्या आहेत.