बर्फ पुरेसा नाही: दान केलेलं यकृत आणि पित्तनलिका

दात्याचं यकृत बर्फाच्या पेटीत ठेवलं की ते जसंच्या तसं राहतं, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात थंडीमुळे पेशींची ऑक्सिजनची गरज कमी होते, संपत नाही. चार अंशांच्या आसपासही पेशींतली ऊर्जा हळूहळू आटते आणि त्यांत सक्सिनेट नावाचा पदार्थ साठत जातो. रुग्णाच्या शरीरात रक्त पुन्हा वाहू लागताच हा साठा झपाट्याने वापरला जातो आणि त्यातून पेशींना घातक असे ऑक्सिजनचे रेणू बाहेर पडतात. म्हणजे मोठा घाव बर्फात नव्हे, यकृत जोडल्यावर बसतो.

हा घाव साऱ्या यकृतावर सारखाच बसतो, हाही गैरसमज. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. त्यातलं सुमारे तीन-चतुर्थांश पोर्टल शिरेतून येतं. पित्तनलिका मात्र जवळजवळ पूर्णपणे यकृताच्या धमनीवर जगतात. शिवाय नलिकेत साचून राहिलेलं पित्त तिचं आतलं अस्तर पोळतं, म्हणून यकृत काढतानाच शल्यचिकित्सक नलिका धुऊन घेतात. मला ही या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित बाब वाटते: यकृताच्या पेशी तगतात, पण पित्त वाहून नेणारी नळी हरते.

म्हणूनच 'नलिका अरुंद झाली म्हणजे टाका चुकला' असं म्हणणं अन्यायाचं आहे. जोडाच्या जागी येणारं आकुंचन वेगळं. जोडापासून दूर, यकृताच्या आतल्या नलिकांमध्ये येणारं आकुंचन बहुतेकदा रक्त आणि ऑक्सिजन तुटल्याच्या काळात रुजलेलं असतं. ते काही आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतं. सुरुवातीचे रक्ताचे अहवाल चांगले आले म्हणून धोका टळला असं होत नाही. मग वारंवार एंडोस्कोपी, स्टेंट आणि काहींच्या वाट्याला दुसरं प्रत्यारोपण येतं. हृदय थांबल्यानंतर अवयव देणाऱ्या दात्यांच्या यकृतात हा धोका अधिक असतो.

यावर उपाय म्हणजे यकृत यंत्रावर उबदार ठेवणं, असं अनेकांना वाटतं. उबदार यंत्राचा खरा उपयोग आहे, त्यावर यकृत काम करतंय का हे तपासता येतं. पण 2018 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत त्याने यकृताच्या पेशींची हानी कमी केली, तरी नलिकांच्या आकुंचनात ठळक फरक पडला नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने दुसरी वाट धरली. बर्फातून काढलेल्या यकृतात जोडण्याआधी दोन तास, सुमारे दहा अंशांचा, ऑक्सिजन भरलेला द्रव यंत्राने शीर आणि धमनी दोन्हींतून फिरवायचा. त्यामुळे साठलेलं सक्सिनेट आधीच, सावकाश खर्च होतं. हृदय थांबलेल्या दात्यांची यकृतं मिळालेल्या 156 रुग्णांवर झालेल्या या पद्धतीच्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले: सहा महिन्यांत जोडापासून दूरचं त्रासदायक आकुंचन नेहमीच्या पद्धतीत 18 टक्के, नव्या पद्धतीत 6 टक्के.

भारतात बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकांकडून मिळतात. तिथे अडचण मुख्यतः बारीक नलिकांच्या जोडाची असते, आणि ती हे यंत्र सोडवत नाही.

प्रत्यारोपण झालेल्या कुणालाही काविळीची झाक, अंगाला खाज किंवा थंडी वाजून ताप आला, तर घरगुती उपाय करू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवा.